बागेतली तिरकी वाट

"मग वाट काढू तरी कुठून? ते सांगा ना!"

सुभेदार भोईटे मठाच्या ओसरीवर उभे राहून ओरडत होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काखेत नकाशाची सुरळी, पायात बूट. बूट काढा असं मी सांगितलं, तेव्हा कुठं काढले. तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे.

सोमगीर बुवा धुनीपाशी बसले होते. चिमट्यानं राख सारखी करत होते.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय."

"वाट कुठून काढू?"

बुवांनी चिमटा खाली ठेवला.

"वाट बघ."

"किती दिवस?"

बुवांनी चिमटा परत उचलला.

सुभेदारांनी बूट घातले. नाड्या करकचून बांधल्या. मग ताड ताड निघून गेले.

आता हे नीट सांगतो. मी लिहिणारा माणूस नाही. चौथीत मास्तरांनी कान पिळला, मी पाटी त्यांच्या पायावर टाकली, शाळा तिथंच मिटली. पण बुवा गेल्यापासून त्यांचं बोलणं लोक पाकात घोळून वाढायला लागलेत. कुणीही उठतो आणि त्यांच्या तोंडी तासाचं प्रवचन घालतो. बुवा प्रवचन करत नसत. दोन शब्द बोलत, आणि ते दोन शब्द माणसाच्या चपलेत खडा जावा तसे टोचत राहत. तेवढं खरं राहावं म्हणून लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नयेत.

आमचा मठ गोसाव्यांचा. जुना. त्याला भिंत लागून नगरपालिकेची बाग. पुढच्या अंगाला हिरवळ, कारंजं, ते कधी उडालेलं मी बघितलं नाही. मागच्या अंगाला पडीक जागा होती. मोडक्या घसरगुंड्या, फुटकी बाकं, गाजरगवत.

तिथं सगळ्यांनी मिळून भाजीची बाग करायची, असं कॉलनीतल्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी ठरवलं. ठरवलं म्हणजे बोलले. चहा प्याले. टाळ्या वाजवल्या. नगरपालिकेनं परवानगी दिली त्या दिवशी फोटो काढला, त्यात सगळे होते.

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन एकटे सुभेदार होते.

मंडळींना बिनऔषधाची मेथी पाहिजे होती, माती नको होती. एक बाई तर मला म्हणाल्या, "तात्या, उगवलं की हाक मारा हं." मी म्हटलं, "मारतो, आणि निवडून, धुऊन पण ठेवतो." त्यांना ते खरंच वाटलं.

सुभेदारांवर माझा राग होता, अजून आहे, पण जे खरं ते खरं. माणूस कामाचा. पलटणीत उभा जन्म गेलेला, एक गुडघा तिकडंच अधू करून आलेला, तरी त्यांनी घसरगुंडीचे खांब उपटले, दगड वेचले, गाजरगवत मुळासकट काढलं. कुणाला नाव ठेवत बसले नाहीत.

मग नकाशा केला. इथून सगळं बिघडलं.

वाफे चौकोनी. सगळे एका मापाचे. एका घराला एक. मधोमध नळ. कडेला पालापाचोळा कुजवायचा खड्डा. चारी बाजूंनी झेंडू. आणि नाकासमोर सरळ जाणारी एकच वाट, वाफ्यांच्या दोन रांगांच्या मधून, नळापर्यंत. दोरी धरून त्यांनी फक्की मारली. पांढरीशुभ्र रेघ. कबड्डीचं मैदान आखलंय असं वाटावं.

सकाळी बघतात तर फक्की मोडलेली.

भिंतीला मागच्या कोपऱ्यात एक खिंडार होतं. तिथून पावलं आत आलेली आणि सगळी जागा तिरकी कापून समोरच्या कोपऱ्यातून फाटकाकडं गेलेली. चादरीची घडी घालताना कोपऱ्याला कोपरा लावतो ना, ती घडी पडते तशी. चार वाफे मधोमध चिरलेले.

सुभेदारांनी परत फक्की मारली. परत मोडली.

त्यांनी मेथी टाकली. मेथीतून पावलं गेली.

बाभळीच्या काट्या टाकल्या. सकाळी काट्या बाजूला, नीट एकावर एक रचून ठेवलेल्या.

पाटी लावली. 'येथून जाऊ नये.' ज्यांना वाचता येत नव्हतं ते न वाचता गेले. ज्यांना येत होतं ते वाचून गेले.

तेव्हा ते मठात येऊन ओरडले, ते वर सांगितलं.

बुवांना विचारायला यावं असं बुवांना बागेतलं काय कळत होतं, हा प्रश्न मलाच पडायचा. मठातली तुळस बुवा पाणी घालायला लागले की वाळायची. शेवटी मी घागर लपवून ठेवायला लागलो. पण सुभेदार दर सोमवारी यायचे, पाया पडायचे, स्वतःला शिष्य म्हणवायचे. बुवांनी त्यांना शिष्य म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. नाही म्हटलेलं पण ऐकलं नाही.

पुढच्या सोमवारी सुभेदार आले. आज बूट बाहेरच काढले होते. नारळ ठेवला.

"बुवा, वाट बघितली."

"बरं."

"आठवडा झाला. हात लावला नाही बागेला. घरात बसून राहिलो."

बुवांनी मान हलवली.

"कशी हाय?"

"काय कशी आहे?"

"वाट."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं, की म्हातारा आता गेला कामातून.

"बुवा, मी… थांबलो. आठवडाभर. तुम्हीच म्हणालात."

"कुठं थांबलास?"

"घरी."

"घरात वाट असती व्हय?"

"साधं सांगा की हो!" हे मीच म्हणालो. राहवलं नाही. "तो माणूस गुडघा घासत येतोय, आणि तुम्ही कोडी घालताय! साधं बोलायला काय जीभ झिजते?"

बुवा हसले. त्यांना दात नव्हते. हसले की सगळं तोंड आत जायचं.

"तात्या, साधंच बोललो."

सुभेदार उठले. उभे राहून एकदम म्हणाले, "कळलं!"

मला वाटलं कळलं.

"घरी नाही थांबायचं. तिथं थांबायचं. ड्युटीवर! बरोबर ना?"

बुवा काही बोलले नाहीत. सुभेदारांनी ते हो असं धरलं. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाला समोरचा गप्प बसला की तो हो म्हणाला असंच वाटतं.

मी पहाटे बागेत देवाला फुलं आणायला जातो. चोरी म्हणा. देव काही बोलत नाही, बागेचा वॉचमन बोलतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खिंडारासमोर सुभेदार. घडीची खुर्ची टाकून, मफलर बांधून, मांडीवर आडवी काठी. अजून नीट उजाडलं नव्हतं. थंडी मरणाची. द्राक्षाच्या कामाचा हंगाम होता तो.

खिंडारातून एक बाई आली. डोक्याला टॉवेल, अंगावर नवऱ्याचा शर्ट, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मागं दुसरी. मग तिसरी. मग रांगच लागली.

"हॉल्ट!" सुभेदार ओरडले.

बाया थांबल्या. पुढं होती ती तान्हूबाई. नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिला मी ओळखतो, तिची जीभ सगळं गाव ओळखतं.

"अगं बया! खुर्ची टाकून बसल्यात! कुनाची वाट बघताय सायेब?"

"तुमचीच!"

मागच्या बाया खुदकल्या.

"आमची?" तान्हूबाई म्हणाली. "आमची वाट जन्मात कुनी बघितली न्हाई. आमीच बघतो. टेम्पोची."

"कसला टेम्पो?"

"मुकादमाचा. फाटकाम्होरं येतो. पयल्या येत्यात त्यास्नी घेतो, भरला की जातो. सरका आता."

"इथून जायचं नाही. पाटी दिसत नाही?"

"दिसती की. काय लिवलंय?"

"येथून जाऊ नये."

"कुनी?"

"कुणीच!"

"मग तुमी कसं आत आला?"

आता सगळ्याच हसल्या. मी पण जास्वंदीच्या मागं तोंड दाबून हसलो. सुभेदार उभे राहिले.

"हे बघा बाई, ही बाग आहे. बागेतनं जायचं नाही. समजलं?"

"आवो, बागंतच निघालोय आमी! द्राक्षाच्या. तुमच्या बागंत घास न्हाई म्हनून लोकांच्या बागंत."

"मग रस्त्यानं फिरून जा! नाल्याच्या पुलावरनं. थोडं लवकर निघायचं. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

तान्हूबाई हसायची थांबली. पुढं आली, खुर्चीला लागून उभी राहिली.

"लवकर? भाकरी थापून, पोरं पाजून, सासूचं हगनं काडून निघतो आमी. त्याच्या अगुदर लवकर कवा असतं, ते सांगा. म्हंजे त्येवा निघतो."

तेवढ्यात फाटकाकडून हॉर्न वाजला. बाया पळाल्या. तिरक्याच पळाल्या, फक्की तुडवत, त्यांच्या अंगाला अंग घासून. सगळ्यात मागची एक पोरसवदा सून होती. जाता जाता म्हणाली, "सायेब, थंडीत कंबर आकडंल. या टेम्पोत. जागा करतो."

खुर्ची उलथली होती. सुभेदारांनी ती उचलली, घडी घातली, आणि ती काखेत धरून गेले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही जास्वंदीच्या बाहेर आलो नाही.

माझं मत विचाराल तर त्यांना फक्की मोडल्याचा राग नव्हता. बाया हसल्या, त्याचा होता. हुकूम दिल्यावर समोरचा हसतो, हे पलटणीत झालं नव्हतं कधी.

रविवारी संध्याकाळी त्यांनी खिंडार बंद केलं. काटेरी तार. लोखंडी अँगल, सिमेंटात पुरलेले. स्वतः केलं सगळं. काम मात्र देखणं. तार अशी ताणलेली की चिमणी बसली तर वाजावी.

मग तिरक्या वाटेवर कुदळ चालवली, वाफे परत चौकोनी केले, फक्की मारली आणि घरी जाऊन झोपले.

सोमवारी सकाळी मठाच्या दारात तान्हूबाई.

ती आत येत नसे कधी. आमच्या मठात कुणाला अडवत नाहीत, पण सवय असते ना एकेकाला बाहेरूनच नमस्कार करायची. आज आत आली. चप्पल काढली नाही. मी 'चप्पल' म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

"बुवा! तुमच्या चेल्यानं आमच्या पोटावर तार बांधली."

बुवा राख सारखी करत होते. हात थांबला.

"पुलावरनं फिरून पळत आलो. टेम्पो गेल्याला. पुलाजवळच्या घरातल्या दोघी तेवढ्या मिळाल्या त्याला, बाकी आमी सगळ्या ऱ्हायलो. मुकादम म्हनला असंल, ह्या बाया आता येत न्हाईत. उद्या दुसऱ्या वस्तीवर गाडी लावतोय का न्हाई बघा. हंगाम ह्यो एवढाच. ह्यात न्हाई कमवलं तर उन्हाळ्यात काय त्येची मेथी खाऊ?"

"तार तोडली आसती. कोयता हाय माज्याकडं. पन तोडली तर केस आमच्यावर. त्यानं बांधली तर बाग, आमी तोडली तर गुन्हा!"

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा आवाज एखाद्यानं पत्र्यावर दगड मारावा तसा येत होता. मला तर वाटलं आत्ताच्या आत्ता जावं आणि सुभेदाराच्या मिशीला ती तार गुंडाळावी.

बुवांनी विचारलं, "भाकरी खाल्ली?"

हा काय प्रश्न झाला? मला बुवांचाही संताप आला.

पण तान्हूबाई खाली बसली.

"खाल्ली. त्येच्याच वाफ्यात बसून. सगळ्यांनी. दुपारची भाकरी सकाळीच खाल्ली, बुवा… काम नसलं की भूक लवकर लागती."

बुवांनी तिला धुनीची राख दिली. तिनं ती कपाळाला लावली, राहिलेली पदरात बांधली, आणि उठून गेली. राखेनं काय होणार होतं देव जाणे.

ती गेल्यावर बुवा म्हणाले, "तात्या, फक्की आन."

"फक्की?"

सुभेदारांचं फक्कीचं पोतं आमच्याच पडवीत असायचं. मी पाटीभर आणली. बुवा उठले. त्या वयात उठणं म्हणजे अर्धा सोहळा. दोरी मागितली. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि मठाच्या पुढच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, आडवी रेघ मारली. दोरीमुळं रेघ सरळ आली.

"आता काट्या."

"कसल्या काट्या?"

"त्याच्याच. बाजूला रचून ठिवल्यात बायांनी."

मी बागेतून बाभळीच्या काट्या आणल्या. दारात लावल्या. माझ्याच पायात एक मोडली. मी बुवांना दोन शब्द बोललो, ते इथं लिहीत नाही.

"कुनी आलं की पलीकडनं या म्हनायचं," बुवा म्हणाले, आणि धुनीपाशी जाऊन बसले.

पलीकडनं म्हणजे मागच्या दारानं. मठाला मागचं दार आहे, पण तिकडं यायचं तर सगळा बाजार ओलांडायचा, नाल्याच्या पुलावर चढायचं, स्मशानाच्या मागून उतरायचं. मेलेल्यांशिवाय तिकडून कुणी येत नाही.

सोमवारचा प्रसाद दुपारी असतो. भाकरी आणि आमटी. सुभेदार वेळेवर आले. ते कायम वेळेवर. हातात नारळ, अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडावर समाधान. जिंकून आल्यावर असतं ते.

दाराशी थबकले.

"तात्या, हे काय?"

"पलीकडनं या."

"का?"

"मला का विचारता? मी नुसती दोरी धरलेला माणूस. बुवांनी सांगितलंय."

"अरे पण दार इथं आहे!"

"आहे की."

"मी समोर उभा आहे!"

"दिसताय."

त्यांनी काठीनं काटी बाजूला करायला सुरुवात केली. आतून बुवांचा आवाज आला.

"पाटी लावू का?"

सुभेदारांची काठी थांबली.

ते वळले आणि बाजाराकडं चालायला लागले. गुडघा ओढत. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. मग तान्हूबाईचा आवाज आठवला, आणि वाईट वाटायचं थांबलं.

आत पंगत बसली. उठली. आमटीचं पातेलं मी पुसून खाल्लं. भांडी घासली. पालथी घातली.

तेव्हा मागचं दार वाजलं.

सुभेदारांचा शर्ट पाठीला चिकटला होता. बुटाला नाल्याचा चिखल. नारळ कुठंतरी पडला असावा. ओसरीवर येऊन त्यांनी खांब धरला. पालथ्या भांड्यांकडं बघितलं.

बुवा धुनीपाशी. राख सारखी करत.

"उशीर झाला," बुवा म्हणाले. "टेम्पो गेला."

मी सुभेदारांचा राग खूप वेळा बघितलाय. असा बघितला नव्हता. तोंड लाल, मानेवर शीर. ते बुवांच्या अंगावर ओरडले. त्या मठात बुवांवर मी सोडून कुणी ओरडत नसे.

"ही चेष्टा आहे? माझ्या गुडघ्याची तुम्हाला माहिती आहे! पुलाचा तो चढ मला चढवत नाही, हे माहिती आहे! कुणाला विचारून दार बंद केलंत? मी काय आज येतोय? वर्षानुवर्षं त्या दारातनं येतोय मी! डोळे मिटून येईन! ती वाट माझी…"

आणि तिथं थांबले.

तोंड उघडंच होतं. शब्द अर्धा बाहेर आलेला, अर्धा आत.

बुवांनी मान वर केली. पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

"कशी हाय?"

धुनीत एक लाकूड तडकलं.

सुभेदार हळूहळू खाली बसले. गुडघा वाकत नव्हता, तो लांब करून बसले. बूट पायातच होते. त्यांच्या ध्यानात आलं, ते काढायला लागले. चिखलानं नाडीची गाठ बसली होती, सुटेना. मी पुढं झालो नाही. तेवढा चांगला मी नाही.

गाठ सुटली. बूट काढून त्यांनी बाजूला, नीट जोडून ठेवले.

"त्या आज परत गेल्या?" त्यांनी जमिनीकडं बघत विचारलं.

बुवांच्या आधी मीच बोललो.

"परत कुठं जातात? तुमच्या वाफ्यात बसून दुपारची भाकरी सकाळी खाऊन गेल्या. आणि मुकादम उद्यापासून दुसरीकडं गाडी लावणार असेल तर त्या पुढं काय खाणार, तेही नकाशात काढा!"

"तात्या," बुवा म्हणाले. मी गप्प झालो. पण बोललो ते बोललो.

सुभेदारांनी तळव्यानं तोंड पुसलं.

"तार काढतो. उद्या सकाळी."

"टेम्पो कवा येतो?" बुवांनी विचारलं.

"उजाडायला."

"हं."

"आत्ता काढतो," सुभेदार म्हणाले. "आणि मुकादमाला गाठतो. कुठं राहतो तो, तात्या?"

"भैरोबाच्या देवळामागं. आणि असं ओरडून बोलू नका त्याच्याशी. तो तुमच्या पलटणीतला नाही."

ते खांब धरून उठले. बूट हातातच घेतले. पुढच्या दाराकडं गेले. फक्कीच्या रेघेपाशी उभे राहिले, काट्यांच्या अलीकडं. मग वाकून एकेक काटी उचलायला लागले. बाजूला रचत गेले. एकावर एक, नीट. बायांनी रचल्या होत्या तशाच.

एक बोटात मोडली. त्यांनी बोट तोंडात घातलं.

शेवटची काटी बाजूला झाली. मोकळ्या दारात ते उभे राहिले. पण जाईनात. सैनिक माणूस. हुकूम नसला की पाय उचलत नाही.

"बुवा."

"हं."

"ती वाट ठेवली तर वाफे चौकोनी राहत नाहीत. तिरके होतात. नळ पण मधोमध येत नाही. सगळा नकाशा जातो." त्यांचा आवाज लहान झाला होता. "मग बाग लावू कशी?"

बुवांनी चिमट्यानं निखारा उलटा केला.

"आधी वाट लाव."

सुभेदारांनी बोट तोंडातून काढलं.

"कुणाची?"

बुवा हसले. तोंड आत गेलं.

"तुझी."